पाचवा अंगठा

पगारावरच्या कराच्या बाबतीत आता कुणावरही विसंबून राहायचं नाही, असं मालकांनी एकदाचं ठरवलं, आणि सगळा घोळ तिथूनच सुरू झाला.

मालक म्हणजे कुणी बडे कारखानदार नव्हेत. जुन्या सोफ्यांना आणि खुर्च्यांना नवा स्पंज, नवं कापड चढवून देणारं एक लांबोळकं दुकान त्यांच्या मालकीचं होतं. पुढे काउंटर, मागे कामाची जागा आणि मधे गिऱ्हाइकांचे पोट फाडलेले सोफे. कामाला चार माणसं. मिस्त्री, शिलाईयंत्रावरच्या मावशी, सांगाडे दुरुस्त करणारा सुतार आणि टेम्पोवाला. पाचव्याचा विषय जरी निघाला, तरी मालक घाईघाईनं बोलणं दुसरीकडे वळवत. कारण चार माणसांपर्यंतचा मालक हा कायद्याच्या लेखी छोटा मालक. त्यानं तीन महिन्यांतून एकदा कर भरायचा, एक पानी विवरण द्यायचं आणि सुखानं राहायचं. माणसं पाच झाली की तो मोठा झाला. मग कर दर महिन्याला, विवरण दर महिन्याला, वर प्रत्येक कामगाराच्या निवृत्तीनिधीत मालकाचा हप्ता, आणि तपासनीस कधी दारात उभा राहील याचा नेम नाही.

बरं, छोट्या मालकाचे नियम तरी एका जागी स्वस्थ बसावेत! ते सारखे बदलत. मागच्या वर्षी मालकांनी जुन्या दरानं कर कापला म्हणून दंड झाला. त्यांनी घाईघाईनं नवा दर लावला, तर तो दर पुढच्या महिन्यापासूनचा निघाला, आणि वेळेआधी नियम का पाळला याचा खुलासा मागणारं पत्र आलं. तो खुलासा लिहिताना मालकांनी कानाला खडा लावला, की आता हे काम माणसाच्या हाती ठेवायचं नाही.

म्हणून त्यांनी यंत्र घेतलं. भिंतीवर लावायचं, अंगठा ठेवला की हजेरी घेणारं, आणि त्या हजेरीवरून आणि हुद्द्यावरून पगार धरून, त्यावरचा कर बँकेतून परस्पर भरून टाकणारं. पगार तेवढा मालकांनी आपल्या हातानं द्यायचा.

"नियम बदलला की हे आपोआप बदलतं साहेब," यंत्र विकणारा म्हणाला. "तुम्हाला कळणारसुद्धा नाही."

पुढे घडलं ते पाहता, तो माणूस एक अक्षरही खोटं बोलला नव्हता.

यंत्र बसवलं त्या दिवशी दुकानात नेहमीचा गोंधळ होता. स्पंजाचा ट्रक चुकीच्या मापाचा माल घेऊन आला होता आणि मालक रस्त्यावर उभे राहून ड्रायव्हरशी भांडत होते. काउंटरवर त्यांची बायको एका नवराबायकोला कापडाचे नमुने दाखवत होती. नवऱ्याला निळा हवा होता, बायकोला निळ्याचं नावही नको होतं, आणि ती दोघांचं एकमत करायच्या खटपटीत होती. यंत्र बसवणारा कारागीर आत एकटाच. त्यानं विचारलं, "इथं रोज येणारी माणसं कोणकोण? सगळ्यांचे अंगठे लागतील."

चौघांचे अंगठे झाले. मग कोपऱ्यातल्या खुर्चीवरून आवाज आला, "आणि माझा?"

हे नाना, मालकांचे सासरे. सगळा जन्म त्यांनी एका मोठ्या कारखान्याच्या टाइम ऑफिसात टाइमकीपर म्हणून काढला होता. कोण किती वाजता आला, कोण भिंतीवरून उडी मारून पळाला, कुणाची आजी तिसऱ्यांदा वारली, हे सगळं त्यांना तोंडपाठ असे. निवृत्त झाल्यावर घरात त्यांना करमेना. सासूबाई म्हणत, घरातल्या मांजराचीसुद्धा हे वेळ टिपून ठेवायला लागलेत. तेव्हापासून नाना रोज सकाळी जावयाच्या दुकानात येऊन बसत. काम काहीच नाही, पण यायची वेळ ठरलेली. अशा माणसासमोर हजेरीचं यंत्र लावायचं आणि त्यानं हात खिशात ठेवून बसायचं, हे होणारच नव्हतं.

"रोज येता का?" कारागिरानं विचारलं.

"माझा खाडा झालेला दाखवा," नाना म्हणाले.

कारागिरानं अंगठा घेतला. हुद्दा काय, असं यंत्रानं विचारलं, तेव्हा नानांनीच यादी पाहून 'पर्यवेक्षक' हा हुद्दा निवडला. बाकीच्या हुद्द्यांत हातानं काम करावं लागतं, हे त्यांच्या अनुभवी नजरेनं बरोबर हेरलं होतं.

महिना संपला. मालक खुशीत होते. ना कागद, ना पत्र, ना खुलासा. आणि एके दिवशी सकाळी बायको स्वयंपाकघरातून डोळे पुसत बाहेर आली.

"अहो, तुम्ही मला एका शब्दानं बोलला नाहीत!"

मालकांनी मनातल्या मनात आपल्या अलीकडच्या सगळ्या गुन्ह्यांची उजळणी केली. "कशाबद्दल?"

"नानांना मेसेज आलाय कर खात्याचा. 'तुमच्या मालकानं तुमच्या पगारावरचा कर जमा केला आहे, धन्यवाद.' नाना मला फोनवर वाचून दाखवत होते आणि त्यांना पुढं बोलवेना हो. म्हणाले, 'जावईबापूंनी मला कामावर घेतलं आणि मला कळूसुद्धा दिलं नाही. माझा मान राखून केलं सगळं.'" तिनं पुन्हा पदर डोळ्यांना लावला. "मी तर तुम्हाला उगाच कोरडे समजत होते इतकी वर्षं."

मालक काही बोलणार, तेवढ्यात ती म्हणाली, "ताईला पण सांगितलं मी. भावजींना ऐकू जाईल असं स्पीकरवर टाकायला लावलं."

भावजी म्हणजे मालकांचे साडू. मोठी नोकरी, मोठी गाडी, आणि कुठल्याही समारंभात सोफ्यावर बसताना "काय, शिवला का नाही नीट?" असं विचारायची वाईट खोड. लग्न झाल्यापासून साडूंच्या वरचढ ठरायची संधी मालकांना पहिल्यांदाच मिळत होती. त्यांनी मान खाली घालून नम्रपणे हसून घेतलं. माणूस मोहात पडतो तो असा.

दुकानात येताच मात्र त्यांनी यंत्राचा हिशेब उघडला आणि त्यांची पाचावर धारण बसली. कर्मचारी पाच. त्यांतला पर्यवेक्षक सगळ्यांत जास्त पगाराचा, एकही खाडा नसलेला. मोठ्या मालकाचा कर भरून झाला होता, मोठ्या मालकाचं विवरणही यंत्रानं आपल्या हुशारीनं पाठवून दिलं होतं. त्याच पावली मालक कर सल्लागारबाईंकडे धावले.

बाई चष्मा डोक्यावर सरकवून शांतपणे ऐकत होत्या. सगळं ऐकून झाल्यावर म्हणाल्या, "पर्यवेक्षकांना पगार दिलात?"

"अहो, कसला पगार? सासरे आहेत ते!"

"पण कर भरलाय तुम्ही त्यांच्या पगारावरचा. म्हणजे पगार दिलेला असणार. नसेल दिला, तर बुडवलाय."

"चूक झाली म्हणून कळवू या ना सरळ!"

"कळवता येईल. मग ते विचारतील, या महिन्यात खोटं विवरण दिलंत, तर आधीची खरी कशावरून? आणि सगळी वर्षं तपासायला घेतील."

मालकांनी खुर्चीचा हात धरला. "मग काढून टाकू त्यांना. कागदावरून हो! फक्त कागदावरून."

"टाका ना. कारण लिहावं लागेल. गैरवर्तन, कामात अकार्यक्षमता, किंवा गरज नसणे. यांपैकी एक. त्याची प्रत कर खातं थेट कर्मचाऱ्याच्या फोनवर पाठवतं." बाईंनी चष्मा पुन्हा नाकावर आणला. "सासऱ्यांच्या बाबतीत तुम्ही कुठलं कारण लिहिणार?"

मालकांच्या डोळ्यांसमोर तो मेसेज नानांच्या हातात दिसला. 'तुमची गरज नाही.' मग बायको दिसली, मग स्पीकरवरचे साडू. त्यांनी हळूच विचारलं, "राजीनामा दिला त्यांनी आपणहून, तर?"

"तर उत्तमच. पण पुढचं विवरण जायच्या आत. एकदा दोन महिने पाच माणसं दिसली, की तुम्ही कायमचे मोठे."

आता सगळी भिस्त नानांच्या राजीनाम्यावर होती. मालक दुकानात परतले तर दारातच मिस्त्रींनी त्यांना अडवलं. हे मिस्त्री मालकांच्या आधीपासून या धंद्यात, तोंडात नेहमी दोनचार चुका, म्हणजे बारीक खिळे, धरून बोलणारे. आज त्यांनी त्या काढून हातात घेतल्या होत्या, म्हणजे प्रकरण गंभीर होतं.

"मालक, एकतर तुमचे सासरे, नाहीतर मी. लघवीला गेलो तर घड्याळ बघतात!"

मालकांना वाटलं, देव पावला. "तुम्ही म्हणता ते बरोबर आहे मिस्त्री. आपण असं करू, तुम्ही ही तक्रार नानांच्या तोंडावरच करा. सगळ्यांनी मिळून करा. माणूस दुखावला की आपोआप..."

"पण ते म्हणतात, आपण आता पाच झालो."

"म्हणजे?"

"पाच झालो की निवृत्तीनिधीचा हप्ता सुरू होतो म्हणे आमचा. नानांनी सकाळीच सगळं समजावून सांगितलं. खरं आहे का हो?"

मालकांना खोटं बोलता येत नसे, फक्त उशिरा बोलता येई. "तसं नियमात आहे."

मिस्त्रींनी चुका पुन्हा तोंडात धरल्या. "मग राहू द्या नानांना. वडीलधारं माणूस आहे. घड्याळ बघितलं तर बघितलं!" आणि ते कामाला लागले. आतून मावशींचं यंत्रही नेहमीपेक्षा वेगानं खडखडायला लागलं.

राहता राहिले खुद्द नाना. ते इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते आणि पायांत नवे बूट होते. मालकांनी त्यांच्याजवळ स्टूल ओढलं.

"नाना, या वयात रोज यायचं म्हणजे दगदग होते हो. थोडी विश्रांती घेतली असतीत तर..."

"रजा म्हणताय? नको. नोकरी लागल्या लागल्या रजा मागणारी माणसं मी फार पाहिलीत. पुढं तीच दांड्या मारतात." नानांनी फोन काढून तो मेसेज पुन्हा एकदा वाचला. "जावईबापू, एक सांगू? निवृत्त झालो त्या दिवशी मी माझं स्वतःचं कार्ड शेवटचं पंच केलं. त्यानंतर मी आलो काय आणि न आलो काय, जगात कुठंच नोंद नव्हती. बायको विचारते, कुठं निघालात? काय सांगणार? आता सांगतो, कामाला निघालो. पगार नाही दिलात तरी चालेल. पण तो अंगठा ठेवला आणि यंत्रानं 'धन्यवाद' म्हटलं, की दिवस बरा जातो."

  तीन वाक्यं पाठ करून आलेले मालक तिन्ही विसरून गेले. त्यांना आपला सासरा फार आवडला, आणि स्वतःचा मनस्वी राग आला. ते उठले आणि उगाचच एका सोफ्यावर थापट्या मारत राहिले.

त्या दिवशी घरी जाऊन त्यांनी बायकोला सगळं खरं सांगितलं. ती बिलं करत बसली होती. ऐकता ऐकता तिचं लिहिणं थांबलं.

"म्हणजे तुम्ही घेतलंच नव्हतं नानांना?"

"यंत्रानं घेतलं."

"आणि आता तुम्ही काढणार?"

"मी कशाला काढतोय! ते पाच... चारचे पाच झाले ना गं!"

"नानांना जर तसला मेसेज आला," ती अगदी हळू आवाजात म्हणाली, आणि तिचा आवाज हळू झाला की मालकांच्या तोंडचं पाणी पळायचं, "तर भावजींना काय सांगायचं ते तुम्हीच सांगा. स्पीकरवर."

पुढचे काही दिवस मालकांना अन्न गोड लागलं नाही. नानांना ठेवावं तर धंदा मोठ्यांच्या रांगेत जातो, काढावं तर स्वतःच्या घरात तोंड दाखवायला जागा उरत नाही. विवरणाची तारीख जवळ येत होती आणि नाना एकही खाडा करत नव्हते. शेवटी सल्लागारबाईंचाच फोन आला.

"एक वाट आहे. भागीदार हा कर्मचारी धरला जात नाही. सासऱ्यांना धंद्यात भागीदार करून घ्या, अगदी नावापुरता हिस्सा देऊन. नोकराचा मालक झाला तर कारण विचारत नाहीत. बढती समजतात. मागच्या महिन्यात दिला नाहीत तो पगार देऊन टाका, तेवढ्यावर सुटाल."

मालकांचा जीव भांड्यात पडला. इतका साधा उपाय! भागीदाराला यंत्रावर अंगठा ठेवायला कुणी अडवणार नव्हतं, यंत्र त्याला 'धन्यवाद' म्हणतच राहिलं असतं, आणि माणसं राहिली असती चार. पगाराचं पाकीट आणि कागद घेऊन ते धावतच नानांकडे गेले.

"नाना, तुम्ही आता भागीदार!"

नानांनी कागद पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. पाकीट मोजून खिशात ठेवलं. मग म्हणाले, "सोफ्यातलं मला काही कळत नाही, ते तुमच्याकडं. माणसं आणि हजेरी माझ्याकडं. कबूल असेल तर सही करतो."

"कबूल, कबूल! अहो, दोनदा कबूल!" मालक म्हणाले. त्या क्षणी नानांनी दुकानाचं शटर मागितलं असतं तरी त्यांनी काढून दिलं असतं.

विवरण वेळेवर गेलं. कर्मचारी चार. बायको पुन्हा गोड बोलायला लागली, आणि साडूंना जेव्हा कळलं की नाना आता भागीदार आहेत, तेव्हा ते पलीकडून फक्त "अच्छा" म्हणाले. मालकांनी त्या 'अच्छा'ची चव बरेच दिवस घोळवली.

नाना मात्र भागीदार झाल्यापासून जास्त बोलत नव्हते. दुकानभर नुसते पाहत बसायचे. आणि एक दिवस मालक स्पंज कापत असताना ते जवळ येऊन म्हणाले, "जावईबापू, आपल्याकडं एक माणूस बिनहजेरीचं काम करतंय."

"आपल्याकडे? कोण?"

"सगळ्यांच्या आधी येतं. गिऱ्हाइकांचे फोन घेतं, कापड दाखवतं, भाव ठरवतं, बिलं करतं, उधारी मागतं. संध्याकाळी शेवटी निघतं आणि उरलेलं काम घरी घेऊन जातं. माझ्या सगळ्या नोकरीत असा कामगार मला भेटला नाही."

मालकांनी मान वर करून पाहिलं. काउंटरवर त्यांची बायको एका हातानं कानाला फोन धरून, गिऱ्हाइकाला फीत धरायला लावून, दुसऱ्या हातानं तीन माणसांच्या सोफ्याचं माप लिहून घेत होती.

"नाना, ती तर..." मालक म्हणाले आणि पुढचा शब्द शोधू लागले. "ती म्हणजे..."

"हां, बोला ना. कोण ती?"

मालकांना लाज वाटली, आणि चांगलीच वाटली. तरीही भीती ही लाजेपेक्षा चपळ असते, म्हणून त्यांनी आधी सल्लागारबाईंना फोन लावला.

"रोज येतात? ठरलेलं काम करतात?" बाई म्हणाल्या. "भागीदार आहेत का? नाहीत ना? मग त्या कर्मचारीच. आणि हा नियम नवा नाही बरं, तुम्ही दुकान काढलंत त्याच्याही आधीचा आहे. तुमच्या भागीदारांनी मला कालच विचारलं. स्वतःहून कमी नाही, जास्त माणसं कळवताय, म्हणून दंडही माफ होईल आणि मागची वर्षंही उकरणार नाहीत."

"म्हणजे आम्ही पुन्हा पाच?"

"पुन्हा कशाला? तुम्ही चार कधी नव्हतातच."

मालक फोन हातात धरून उभे राहिले. ज्या पाचव्या माणसाच्या धास्तीनं त्यांनी इतकी वर्षं काढली होती, तो माणूस रोज त्यांच्याच ताटात जेवण वाढत होता. मिस्त्रींनी आतून कान टवकारले होतेच. निधीचा हप्ता पुन्हा दिसू लागल्यावर त्यांच्या हातोडीचा ठोका एकदम आनंदी झाला.

गिऱ्हाईक गेल्यावर बायकोनं फीत गुंडाळून ठेवली. तिनं सगळं ऐकलं होतं.

"मागचा पगार मी मागत नाही," ती म्हणाली. "पण इतक्या वर्षांची रजा साठलीय म्हणतात नाना. ती मी उद्यापासून घेतेय. ताईकडं जाऊन येते."

"उद्यापासून? अगं, हंगाम आहे!" मालक गयावया करत नानांकडे वळले. "नाना, तुम्ही सांगा काहीतरी!"

"अर्ज आलाय माझ्याकडं," नाना म्हणाले. "मंजूर केलाय."

दुसऱ्या दिवशी मालक काउंटरवर बसले. पहिला फोन आला. "वहिनी आहेत का?" दुसरा फोन आला, त्यांनाही वहिनीच हव्या होत्या. एका बाईंना मागच्या वेळी पाहिलेलं ते राखाडी कापड पुन्हा पाहायचं होतं, आणि मालकांनी समोर मांडलेली पाचही राखाडी कापडं त्यांच्या मते हिरवी होती. निळा हवा असलेला नवरा आणि निळा नको असलेली बायको पुन्हा आली, मालकांनी नवऱ्याची बाजू घेतली आणि ती दोघंही ऑर्डर न देता, एकमेकांशी न बोलता निघून गेली. उधारीवाल्यांना फोन केला तर त्यांनी मालकांचीच विचारपूस करून गोड बोलून फोन ठेवला. कोणत्या सोफ्याला कुठलं कापड लागायचं होतं ते बायकोला ठाऊक होतं, म्हणून आत मिस्त्री हातावर हात ठेवून बसले, आणि मिस्त्री बसलेत हे नानांनी येऊन मालकांना नियमाप्रमाणे कळवलं.

जेवणाच्या सुट्टीपर्यंत मालकांचे केस उभे राहिले होते. फोन पुन्हा वाजायला लागला, तो त्यांनी वाजू दिला. मग दुसऱ्या फोनवरून सल्लागारबाईंचा नंबर लावला आणि नानांना ऐकू जाऊ नये म्हणून तोंडावर हात धरून विचारलं, "बाई, सहावा माणूस घ्यायचा झाला, तर काय नियम आहेत हो?"